एक्केचाळिसावा नमुना

दारावर टकटक झाली आणि खिलारेमामा आत आले. मी वर न बघताच म्हणाले, "मामा, पाच मिनिटांनी या. मला एकाचं रक्त काढायचं आहे."

"काढा की," ते म्हणाले आणि खुर्चीवर बसून डाव्या हाताची बाही वर सरकवू लागले. "त्यालाच धाडलंय मला."

मी सुई परत तबकात ठेवली. कापसाचा बोळा उगाचच दुसऱ्यांदा स्पिरिटमध्ये बुडवला.

ही मार्च २०२१ च्या शेवटच्या मंगळवारची गोष्ट. आमच्या संस्थेतल्या त्रेसष्ट माणसांनी करोनाच्या लशीचे दोन्ही डोस पुरे केले होते आणि त्यांच्या शरीराने त्या लशीला काय उत्तर दिले, हे मी तपासत होते. प्रत्येकाच्या नावाऐवजी एक क्रमांक होता. कोणता क्रमांक कोणाचा, हे फक्त एका वहीत लिहिलेले होते आणि ती वही विभागप्रमुख गुळवणी सरांच्या कुलुपबंद कपाटात असे. तपासणाऱ्याला माणूस ठाऊक असू नये; ठाऊक असला की माया किंवा मत्सर डोळ्यात उतरतो आणि डोळा आकडे वाकवतो. नियम शहाणा होता. शुक्रवारी, सव्वीस तारखेला, एक्केचाळीस क्रमांकाचा निकाल शून्य आला. मी सरांच्या कार्यालयाला चिठ्ठी पाठवली, की या क्रमांकाचे ताजे रक्त पुन्हा हवे आहे. तो आकडा स्वतःच्या पायांनी चालत येऊन माझ्यासमोर बाही वर करील, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आले नव्हते. माझ्याही आले नव्हते.

"पुन्हा कशाला, मॅडम? मागचं सांडलं काय?"

"नमुना कमी पडला."

"सव्वीस वर्षं इथल्या बाटल्या धुतोय," मामा म्हणाले. "तुमच्या हातनं थेंबभर कमी पडलेलं बघितलं नाही अजून. बरं, कमी तर कमी. पण चहा लागेल ह्यावर. रक्तदानाला बिस्किटाचा पुडा तरी देतात, तुमचं खातं फारच कोरडं."

"मामा, तुम्हाला काही आजार आहे? साखर, रक्तदाब? कसलं औषध चालू?"

"फॉर्मात लिहिलंय की. औषध काही नाही. गोळीचा कागद नाही आमच्या घरात."

त्यांची शीर ठसठशीत होती. पहिल्याच प्रयत्नात सुई बसली.

आमच्या प्रयोगशाळेत चाचणी अशी होत असे: माणसाच्या रक्तातून सीरम वेगळे करायचे, ते विषाणूत मिसळायचे आणि ते मिश्रण जिवंत पेशींच्या थरावर ओतायचे. रक्तात विषाणूला अडवणारी प्रतिपिंडे असली तर पेशी वाचतात. नसली तर थराला भोके पडत जातात आणि शेवटी थर उरतच नाही. बासष्ट जणांच्या रक्ताने पेशी वाचवल्या होत्या, कुणी कमी, कुणी अधिक. एक्केचाळीसच्या बशीत काही उरले नव्हते. दुसऱ्या खेपेस मी प्रतिपिंडांबरोबर टी पेशीही तपासल्या. ही शरीराची दुसरी फळी, पहिली पडली तर हिने लढायचे असते. सात एप्रिलला निकाल हाती आला. दोन्हीकडे शून्य. लस मामांच्या दंडात दोनदा गेली होती आणि त्यांच्या शरीराने मान वर करूनही पाहिले नव्हते.

शहरात तेव्हा दुसरी लाट चढत होती. संस्थेच्या फाटकासमोरून रुग्णवाहिका इतक्या जात, की पहारेकऱ्याने मान वळवणे सोडून दिले होते.

दुसऱ्या दिवशी मी गुळवणी सरांकडे गेले. ते लिंबाचा काळा चहा पीत एका विदेशी नियतकालिकाचे अंक चाळत होते. सरांची भाषा इतकी स्वच्छ असे, की त्यांच्याशी बोलून बाहेर पडल्यावर हात धुतल्यासारखे वाटे.

"सर, एक्केचाळीसमध्ये दुसऱ्यांदा शून्य आलं. त्यांना सांगायला हवं."

"पळशीकरबाई, 'त्यांना' म्हणजे कोणाला? एक्केचाळीस कोण, हे तुम्हाला ठाऊक असता कामा नये."

"पण आहे."

"मग विसरा. अभ्यास आंधळा आहे, तो आंधळाच राहू द्या."

"अभ्यास आंधळा आहे, सर. आपण नाही."

"वाक्य चांगलं आहे," सर म्हणाले. "लेखात वापरता येणार नाही, एवढंच. आता मला सांगा, दोनदा शून्य आल्यानं काय सिद्ध झालं? दोन्ही वेळा हात तुमचाच. पेशी त्याच, इनक्युबेटर तोच. दोष माणसात आहे की तुमच्या बशीत, हे तुम्ही आज छातीठोक सांगू शकता?"

"नाही."

"तर मग तिसरी फेरी करा. नव्या पेशी घ्या, नवं रक्त घ्या. आणि संमतिपत्रात काय लिहिलं आहे तेही एकदा वाचा. वैयक्तिक निष्कर्ष सहभागींना कळवले जाणार नाहीत. त्याखाली सगळ्यांच्या सह्या आहेत. अपवाद हवा असेल तर नीतिसमितीकडे रीतसर अर्ज करा."

"समिती कधी बसते?"

"महिन्याच्या पहिल्या गुरुवारी."

तो महिन्याचा दुसरा गुरुवार होता.

सर चुकीचे बोलत होते, असे मला म्हणता आले असते तर ही कथा लिहावी लागली नसती. त्यांचे प्रत्येक वाक्य बरोबर होते. मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षे तयार झाले होते आणि माझ्या विद्यार्थ्यांना तीच वाक्ये मी शिकवत होते. नैयायिकांना डोंगरावरचा धूर दिसला की अग्नी मान्य असे. आम्हाला तीनदा मोजलेली राख लागत होती. शिवाय खरे सांगायचे तर मला सर अडवतील, अशी आशाही असावी. अडवणारा भेटला की आपण प्रयत्न केल्याचे पुण्य पदरात पडते आणि प्रयत्न मात्र करावा लागत नाही.

शुक्रवारी मामा तिसऱ्यांदा रक्त द्यायला आले. या वेळी बाही आधीच वर केलेली होती.

"आता तर चहा नाही, जेवण लागेल," ते म्हणाले. "धुण्याच्या खोलीत सगळे चिडवायला लागलेत. म्हणतात, मॅडमनी तुझ्या रक्ताला उकाडा लावलाय."

"म्हणजे?"

"उकाडा म्हणजे रतीब, गवळ्याकडं रोजच्या दुधाचा असतो तसा." ते स्वतःच हसले. मग सहज म्हणाले, "सोमवारपासनं मी नाही हं इथं. दवाखान्याच्या करोना वॉर्डात. नमुने आणायला माणूस पाहिजे होता, लस झालेला."

"तुमचं नाव कोणी दिलं?"

"मीच."

सुई शिरेत होती आणि नळीत रक्त चढत होते. मी नळीकडे बघत म्हणाले, "मामा, तुम्ही नका जाऊ."

"का?"

एका अक्षराचा प्रश्न. त्याचे उत्तर माझ्या वहीत तारखांसकट लिहिलेले होते. मी ते उच्चारले असते तर काय झाले असते, याची यादी मी नंतर अनेकदा केली आहे. एक नमुना अभ्यासातून बाद झाला असता. मला एक ज्ञापन मिळाले असते. सरांनी काही दिवस मला 'डॉक्टर पळशीकर' म्हटले असते. यादी तिथेच संपते.

"उगाच," मी म्हणाले. "वय झालं तुमचं."

"चोपन्न? सर बासष्टचे आहेत, ते येतात की रोज."

"सर वॉर्डात जात नाहीत."

"त्यांना नमुन्यांची खोकी कुठं उचलवतायत," मामा म्हणाले. "आणि मॅडम, वय म्हणता, पण माझी तब्येत बघा. पूर्वी हे जिने चढताना दोनदा टेकायचो. आता सरळ चढतो. तोंडावर पण तेज आलंय म्हणतात."

आले होते खरे. त्यांचा चेहरा भरला होता, गाल वर आले होते.

"झालं," मी म्हणाले आणि सुई काढून घेतली.

सोमवारी, बारा तारखेला, ते वॉर्डात रुजू झाले. एकोणीस तारखेला माझी तिसरी फेरी पुरी झाली. नव्या पेशी, नवे रक्त, तोच निकाल. आता मी छातीठोकपणे सांगू शकत होते. मी तीन बशांची छायाचित्रे एकाखाली एक लावून सरांकडे नेली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "सुंदर काम आहे." वीस तारखेला खिलारेमामांना ताप भरला. एरवी नमुने जिथून उचलत, त्याच वॉर्डात त्यांना खाट मिळाली. ओळखीमुळे लवकर मिळाली, असे सगळे म्हणाले. चार मे रोजी ते गेले. नीतिसमिती सहा मे रोजी ठरल्याप्रमाणे बसली आणि माझ्या अर्जावरून एक्केचाळीस क्रमांकाच्या सहभागीला त्याचा निष्कर्ष कळवण्यास तिने एकमताने परवानगी दिली. ते पत्र माझ्याकडे आहे. त्यावर जावक क्रमांक आहे आणि शिक्का अगदी सरळ उमटला आहे.

नोव्हेंबरमध्ये आमचा लेख छापून आला. बासष्ट सहभागींपैकी बासष्ट जणांत उत्तम प्रतिसाद आढळला, असे त्याचे सार होते. पाचव्या पानावर बारीक टाइपात एक टीप होती: एक सहभागी पाठपुराव्यास उपलब्ध न झाल्याने विश्लेषणातून वगळण्यात आला. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे; मुद्रितशोधन मीच केले होते. मेलेला माणूस पाठपुराव्यास उपलब्ध होत नाही, हेही कोणाला नाकारता येणार नाही. लेखावर माझे नाव दुसरे आहे.

डिसेंबरात एका दुपारी सारिका आली. खिलारेमामांची मुलगी, बी.एड. करत होती. अनुकंपा नोकरीच्या फायलीला एक दाखला हवा होता: वडिलांना संस्थेनेच वॉर्डात पाठवले होते, असा. मी तो तिच्यासमोर टंकलिखित केला आणि सही करून दिला. ती तो घडी घालून पिशवीत ठेवत म्हणाली, "बाबा तुमचं फार सांगायचे, मॅडम."

"काय सांगायचे?"

"तीनदा रक्त घेतलंत ना त्यांचं. त्रेसष्ट माणसांत माझंच तीनदा मागितलं, म्हणायचे. आईला म्हणायचे, शास्त्रज्ञ लोक उगाच कशाला मागतील, रक्तात काहीतरी जोरदार गावलं असणार." ती किंचित हसली. "तेव्हापासून तर छाती काढूनच चालायचे. वॉर्डाची पाळी खरं कदमकाकांची होती, धुण्याच्या खोलीतल्या. बाबांनी त्यांना थांबवलं. म्हणाले, तुझी पोरं लहान आहेत, तू कशाला जातोस. मी जातो. माझं रक्त तपासलेलं आहे."

मी पेनाचे टोपण लावले. ते नीट बसले नाही. काढून पुन्हा लावले. मग मी तिला सगळे सांगितले. तिन्ही निकाल, सरांशी झालेले बोलणे, 'उगाच' हा शब्द, समितीचे पत्र. आवाज चढवला नाही आणि क्षमाही मागितली नाही, कारण क्षमा मागणे म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणे होते.

मग तिने विचारले, "पहिल्यांदा कधी कळलं तुम्हाला?"

"सव्वीस मार्चला."

"आणि ते बाबांचं आहे, हे?"

"तीस मार्चला."

"बाबा वॉर्डात गेले बारा एप्रिलला."

"हो."

"म्हणजे तेरा दिवस," ती म्हणाली. वर्गात एखाद्या मुलाची वजाबाकी तपासावी तसे. मग उठून तिने पिशवी खांद्याला अडकवली. "हे आईला तुम्ही सांगा. आत्ता चला. ती अजून शेजारणींना सांगते, त्यांचं रक्त संस्थेनं जपून ठेवलंय म्हणून. मला रोज ऐकावं लागतं ते. आणि आता ते खोटं आहे हे माहीत असून ऐकायचं, हे माझ्याच्यानं नाही व्हायचं."

धनकवडीच्या उतारावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. मामींनी मला पाट देऊ की खुर्ची, असे विचारले. मी खुर्चीवर बसले. त्यांनी पाणी दिले, चहाचे आधण ठेवायला वळल्या, तेव्हा सारिका म्हणाली, "आई, चहा राहू दे. बस. मॅडमना काही सांगायचंय."

मी पुन्हा पहिल्या तारखेपासून सांगितले. या वेळी सोपे शब्द वापरले, म्हणून जास्त वेळ लागला. मामी मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. मला वाटले होते, त्या रडतील किंवा मला घराबाहेर काढतील. मी दोन्हींची तयारी करून गेले होते आणि मनातल्या मनात दोन्ही मला हवेही होते. त्यांनी यातले काही केले नाही.

"बाकी सगळ्यांच्या अंगात धरली ना लस?" त्यांनी विचारले.

"हो."

"मग ह्यांच्याच का नाही धरली?"

"ते आम्हाला कळलं नाही, मामी. आजार नव्हता. औषधही काही चालू नव्हतं."

"औषध कुठलं. दवाखान्याची पायरी चढणारा माणूस नव्हे तो. गुडघे तेवढे धरायचे. त्याला आपली पूड होती, माझ्या भावाच्या गावाकडची. झाडपाल्याची. तिथला एक वैदू देतो. दोन वर्षं रोज सकाळी मधातून चाटवत होते मी. काय गुण आला म्हणून सांगू! आठ दिवसांत जिने चढायला लागले. भूक वाढली, तोंड भरलं. सगळे विचारायचे, खिलारे, काय खाता?"

मी रोगप्रतिकारशास्त्र शिकवते. दर वर्षी दुसऱ्या सत्रात फळ्यावर एक गोल काढते, त्याला वर आलेले गाल काढते आणि मुलांना सांगते, की दुखणे जादूसारखे थांबले, भूक वाढली आणि चेहरा चंद्रासारखा वाटोळा झाला, तर पोटात स्टेरॉइड जात आहे का, ते आधी विचारा. कारण मोठ्या मात्रेत ते शरीराची सगळी फौज झोपवते. तो चेहरा दोन वर्षे रोज माझ्या टेबलावरून बाटल्या उचलून नेत होता. मामांची तब्येत सुधारली, असे मी मानत होते. आणि आमच्या फॉर्मात रकाना होता 'औषधे' या नावाचा. पूड कोणी औषधात लिहीत नाही.

"ती पूड अजून आहे घरात?" मी विचारले.

"आहे की. मीच घेते आता. कंबर धरते माझी, दिवसभर भाकऱ्या थापायच्या असतात डब्यांच्या." मामींनी फळीवरची बरणी दाखवली. "तुम्हाला पाहिजे का? देते पुडी बांधून."

मला बरणी घेऊन गप्प बसता आले असते. संस्थेत तपासणी करायची, आकडा हातात घ्यायचा आणि मग काय ते सांगायचे. शुद्ध पद्धत तीच होती. आणि समोरच्या बाईच्या चेहऱ्याकडे मी पहिल्यांदाच नीट पाहिले. तो भरलेला होता.

"मामी," मी म्हणाले, "ह्या पुडीत बहुतेक स्टेरॉइड मिसळलेलं आहे. त्यानं दुखणं थांबतं, पण अंगाची लढायची ताकद मरते. लस घेतली तरी अंग तिला ओळखत नाही. तुम्ही घेऊ नका ही. पण एकदम बंदही करू नका, त्यानंही जिवाला धोका होतो. उद्या सकाळी मी येते, आपण डॉक्टरांकडे जाऊ. ते हळूहळू कमी करून देतील."

सारिका उठून आईच्या जवळ जाऊन बसली. बाहेर कोणीतरी नळावर हंडा लावला होता. तो भरून वाहू लागला तरी बंद करायला कोणी आले नाही.

"म्हणजे रोज सकाळी मी..." मामी म्हणाल्या आणि थांबल्या. स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटाकडे त्यांनी पाहिले. मग माझ्याकडे.

"हे तुम्हाला नक्की ठाऊक आहे?"

"नाही," मी म्हणाले. "नक्की कळायला आठ दिवस लागतील."

"मग आठ दिवसांनी सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या.